लाकडात रचलेली कविता

शाळेत चित्रकलेच्या तासाला एकदा सरांनी गणपतीचे चित्र काढायला सांगितले. मी वही उघडली तेव्हा ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "तुमच्यात चित्रं काढत नाहीत ना? तू आपली नक्षी काढ." त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. मुलाची अडचण होऊ नये, एवढाच हेतू होता. पण त्या एका वाक्यात दोन गोष्टी ठरून गेल्या. चित्र ही इतरांची वस्तू, नक्षी ही आपली. आणि नक्षी म्हणजे ज्याला चित्र जमत नाही किंवा चालत नाही, त्याने करायचे काम. घरी येऊन अब्बांना सांगितले तर ते म्हणाले, "बरोबरच आहे सरांचं." विषय तिथेच मिटला.

पुढे बऱ्याच वर्षांनी सलवा रौदा शुकैर यांच्या लाकडी शिल्पांची छायाचित्रे पाहिली आणि त्यांच्याविषयी वाचले, तेव्हा हा प्रसंग आठवला. हीच वाटणी विसाव्या शतकाच्या मध्यात बैरुतमधल्या या बाईंच्या समोरही आली होती. फरक इतकाच की त्यांनी ती मुकाट्याने मान्य केली नाही. उत्तर द्यायला त्यांनी आयुष्य खर्च केले, आणि ते उत्तर बरेचसे लाकडात दिले.

बैरुतची मुलगी

सलवा रौदा यांचा जन्म 24 जून 1916 रोजी बैरुतमध्ये झाला. लेबनॉन तेव्हा उस्मानी सल्तनतीचा भाग होता आणि पहिले महायुद्ध चालू होते. वडील सैन्यात भरती झाले आणि युद्धाच्या काळातच वारले. तीन लेकरांना आईने एकटीने वाढवले आणि शिकवले. कुटुंब द्रूझ पंथाचे. अकराव्या शतकात इस्माइली परंपरेतून निघालेल्या या पंथाला मुसलमान मानावे की नाही, यावर आजही वाद घातला जातो. सलवा यांना त्या वादात रस असल्याचे दिसत नाही. अरबी भाषा, इस्लामी वास्तुकला आणि तसव्वुफ हा त्यांना आपला वारसा वाटत होता आणि त्यावर त्यांनी हक्क सांगितला.

शिक्षण मात्र विज्ञानाचे. बैरुतच्या महिला महाविद्यालयात त्यांनी निसर्गविज्ञान घेतले. चित्रकला त्या लेबनॉनच्या नामवंत चित्रकारांकडे स्वतंत्रपणे शिकल्या. आधी मुस्तफा फर्रूख आणि नंतर उमर उन्सी. दोघेही निसर्गदृश्ये आणि माणसे रंगवणारे. म्हणजे सलवा यांना हुबेहूब चित्र काढता येत नव्हते म्हणून त्या अमूर्ताकडे वळल्या, असे म्हणण्याची सोय नाही. येत होते, तरी त्यांनी ते सोडले.

संग्रहालये बंद, मशिदी उघड्या

1943 साली त्या कैरोला गेल्या. दुसरे महायुद्ध चालू असल्याने तिथली संग्रहालये बंद होती. कला पाहायला आलेल्या बाईंना मग जुन्या शहराच्या गल्ल्या आणि मशिदी पाहत फिरावे लागले. पुढे त्या सांगत की खरी कला आपल्याला तिथे भेटली. संग्रहालयातली वस्तू काचेपलीकडे असते. इथे मात्र लोक त्या कलेत नमाज पढत होते, तिच्या सावलीत बसत होते.

त्या काळच्या कैरोत माणूस काय पाहू शकत होता, हे जरा सविस्तर सांगायला हवे. जुन्या घरांच्या वरच्या मजल्यांवर रस्त्याच्या बाजूला लाकडी जाळीचे सज्जे असतात. त्यांना मशरबीया म्हणतात. आत वारा येतो, ऊन चाळून येते, आतून रस्ता दिसतो आणि रस्त्यावरून आतले दिसत नाही. जवळ जाऊन पाहिले तर ही जाळी एका फळीत कोरलेली नसते. कातारकाम केलेले बोटाएवढे शेकडो मणी आणि त्यांना जोडणाऱ्या बारीक दांड्या एकमेकांत बसवून ती उभी केलेली असते.

याचे कारण अगदी व्यवहारी आहे. इजिप्तमध्ये मोठे इमारती लाकूड मिळत नाही, ते बाहेरून आणावे लागे आणि महाग पडे. म्हणून सुतार लहानसा तुकडाही वाया जाऊ देत नसे. दुसरे कारण हवेचे. कोरड्या उन्हात लाकूड आकसते, दमटपणात फुगते. मोठी फळी अशा हवेत वाकते किंवा तडकते. छोटे तुकडे खाचेत सैलसर बसवले तर प्रत्येकाला हलायला थोडी जागा मिळते आणि सबंध रचना शतकानुशतके टिकते. मशिदींची दारे आणि मिंबर यांच्यावर तारे, षटकोन, अष्टकोन दिसतात ते याच युक्तीतून आले आहेत. लाकडाची टंचाई आणि हवामान यांनी विचारलेल्या प्रश्नाला भूमितीने दिलेले ते उत्तर आहे. आपण त्याला 'नक्षी' म्हणतो आणि पुढे जातो.

एका मिंबराची गोष्ट

या कामाचा सर्वांत प्रसिद्ध नमुना कैरोत नव्हता, जेरुसलेमला होता. सुलतान नूरुद्दीन झंगी यांनी 1168-69 च्या सुमारास हलब, म्हणजे अलेप्पो शहरात, एक मिंबर बनवून घ्यायला सुरुवात केली. जेरुसलेम तेव्हा क्रुसेडवाल्यांच्या ताब्यात होते. शहर परत मिळाले की हे मिंबर मस्जिद-ए-अक्सामध्ये ठेवायचे, असा सुलतानाचा संकल्प होता. तो पुरा होण्याआधीच 1174 मध्ये नूरुद्दीन वारले. 1187 साली सलाहुद्दीन अय्यूबी यांनी जेरुसलेम घेतले आणि ते मिंबर तिथे नेऊन बसवले. लाकडाचे हजारो छोटे तुकडे एकमेकांत गुंफून ते केले होते आणि कारागिरांनी त्यावर आपली नावेही कोरली होती. नक्षीकाम करणारे हात नेहमीच अनामिक असतात, हा समज त्या नावांनी खोटा ठरवला आहे.

21 ऑगस्ट 1969 रोजी एका ऑस्ट्रेलियन माणसाने मशिदीत आग लावली आणि आठशे वर्षांचे ते मिंबर जळाले. तसेच दुसरे करायचे ठरले तेव्हा आगीइतकीच दुसरी एक हानी लक्षात आली. ती भूमिती कशी मांडायची, हे जाणणारे कोणी उरले नव्हते. जुनी छायाचित्रे आणि उरलेले तुकडे यांवरून ते गणित नव्याने उलगडावे लागले. जॉर्डनमध्ये तयार झालेले नवे मिंबर 2007 साली अक्सामध्ये बसवले गेले.

आग लावणाऱ्याचा राग आपल्याला सहज येतो. पण आग लागण्याच्या कितीतरी आधी ती विद्या आपल्याच हातून निसटली होती, त्याचा राग कोणावर काढायचा?

प्राध्यापकांचे म्हणणे आणि सलवांचे उत्तर

कैरोहून परतल्यावर सलवा बैरुतच्या अमेरिकन विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करू लागल्या. जोडीला तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानांना बसू लागल्या. तिथे एका प्राध्यापकांनी ग्रीक कलेची थोरवी सांगताना अरबांची कला तिच्यापुढे कमी प्रतीची ठरवली. मानवी देह हाच कलेचा सर्वोच्च विषय, अरबांनी तो टाळला, म्हणून त्यांची कला सजावटीच्या पुढे गेली नाही, असा त्याचा आशय. माझ्या शाळेतल्या सरांचे वाक्य आणि हे विद्यापीठातले विधान यांत भाषेचा फरक सोडला तर फारसे अंतर नाही.

सलवा चिडल्या आणि कामाला लागल्या. 1947 साली बैरुतमध्ये त्यांच्या भौमितिक चित्रांचे प्रदर्शन झाले. अरब जगातले अमूर्त चित्रांचे ते पहिले प्रदर्शन, असे त्याविषयी नेहमी म्हटले जाते. 1948 मध्ये त्या पॅरिसला गेल्या. तिथल्या कला विद्यालयात शिकल्या, 1949 मध्ये काही महिने फर्नां लेझे या नामवंत चित्रकाराच्या स्टुडिओत होत्या. पण लेझेच्या कलाविचाराशी त्यांचे पटले नाही. पुढे अमूर्त कलेसाठी निघालेल्या नव्या कार्यशाळेत त्या पहिल्या काही जणांपैकी एक होत्या.

1951 मध्ये त्यांनी बैरुतच्या 'अल-अबहास' या नियतकालिकात एक दीर्घ लेख लिहिला. अरबांनी दृश्यकला कशी समजून घेतली, हा त्याचा विषय. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा: अरब कलावंताने वस्तूच्या बाहेरच्या रूपाची नक्कल करणे सोडले, ते असमर्थतेने किंवा केवळ मनाईच्या धाकाने नव्हे. त्याला वस्तूच्या साराकडे जायचे होते. रूप बदलते, नियम टिकतो. म्हणून त्याने रेषा, प्रमाण आणि पुनरावृत्ती यांची वाट धरली. युरोपातली आधुनिक कला विसाव्या शतकात ज्या वळणावर आली, तिथे हा कलावंत शतकांपूर्वीच उभा होता.

इथे वाचकांना थोडे सावध करावेसे वाटते. असे काही वाचले की आपल्यातल्या काहींची छाती लगेच फुगते. बघा, हेही आम्हीच आधी केले! मला ते खरे वाटत नाही. हलबचा सुतार 'अमूर्त शिल्प' करत नव्हता, तो खुतब्यासाठी मिंबर करत होता. त्याच्या कामात एक स्वतंत्र कलाविचार आहे हे ओळखायला विसाव्या शतकातली नजर लागली, आणि ती नजर घडण्यात पॅरिसचाही वाटा होता. सलवा यांनी तो वाटा कधी लपवला नाही. त्यांचे मोठेपण वारशाचे नारे देण्यात नाही. त्यांनी तो वारसा वाचला आणि त्यातून नवे काही केले, यात आहे.

मनाईचे म्हणाल तर तोही इतिहास आपण समजतो तितका सरळ नाही. कुरआनात मूर्तिपूजेचा निषेध आहे, चित्रकलेवर बंदी घालणारी आयत नाही. सजीवांच्या प्रतिमांविषयीची चर्चा मुख्यतः हदीस आणि फिकह यांतली आहे, आणि तिथेही झाडे किंवा निर्जीव वस्तू काढण्याला बहुतेकांची हरकत नाही. शिवाय दूर जायला नको. अहमदनगरच्या निजामशाहीत सोळाव्या शतकात तयार झालेली 'तारीफ-ए-हुसेनशाही' ही सचित्र पोथी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. तिच्यात सुलतान आहे, त्याची बेगम आहे, दरबार आहे. म्हणजे 'तुमच्यात चित्रं काढत नाहीत' हे आपल्या महाराष्ट्राच्या मुस्लिम इतिहासापुरतेही खरे नाही. काहींनी माणसे काढली, काहींनी तारे जोडले. दोन्ही निवडीच होत्या.

एक ओळ, एक तुकडा

1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात सलवा रंगांकडून शिल्पांकडे वळल्या. 1953 मध्ये पत्रकार यूसुफ शुकैर यांच्याशी त्यांचे लग्न झाले होते, 1957 मध्ये मुलगी झाली. घर, मूल आणि शिल्पे एकाच छताखाली वाढत होती. दगड, धातू, माती, पुढे फायबरग्लास, सगळे त्यांनी हाताळले. पण त्यांचा विचार मला सर्वांत स्पष्ट दिसतो तो लाकडात.

1963 ते 1965 या काळात केलेल्या एका लाकडी शिल्पाचे नाव आहे 'कविता'. या नावाची त्यांची अनेक शिल्पे आहेत. लाकडाचे वेगवेगळे कोरलेले ठोकळे एकावर एक बसवलेले. एकाचा फुगवटा दुसऱ्याच्या खोलगट भागात जातो, एकाची वळणदार कड दुसऱ्याच्या कडेला जाऊन मिळते. कुठेही माणसाचा चेहरा नाही, झाड नाही, पक्षी नाही. ठोकळे सुटे करता येतात, आणि सुटा केलेला प्रत्येक ठोकळा स्वतःही एक पुरे शिल्प वाटतो. त्याच वर्षांतल्या 'कवितेची भिंत' या लाकडी कामात हीच कल्पना आडवी पसरते. एकमेकांत बसणाऱ्या तुकड्यांची सबंध भिंत तयार होते.

नाव कविता का? अरबी कसीद्यात प्रत्येक बैत अर्थाने स्वतंत्र उभी राहू शकते. ती वेगळी काढून म्हणता येते, तरी ती एका वजनात आणि एका काफियात इतरांशी बांधलेली असते. आपल्याला हे कळायला अरबी यावी लागत नाही, कारण गझल आपल्या ओळखीची आहे. गझलेतला प्रत्येक शेर स्वतःपुरता पूर्ण असतो. सुरेश भटांनी मराठीत गझल रुजवली तेव्हा मराठी रसिकालाही हे तंत्र परिचयाचे झाले. शेर सुटा, गझल एकसंध. सलवा यांची लाकडी 'कविता' नेमकी अशी आहे.

या नात्याच्या मुळाशी भाषेतली एक सुंदर गोष्ट आहे. अरबीत 'बैत' म्हणजे कवितेच्या दोन चरणांची जोडी, आणि 'बैत' म्हणजे घरही. आपण मुशायऱ्यात 'मिसरा' म्हणतो. त्या शब्दाचा मूळ अर्थ दाराची एक फळी. दोन फळ्यांचे दार, दोन मिसऱ्यांची बैत. आठव्या शतकात बसऱ्याच्या खलील इब्न अहमद यांनी अरबी छंदशास्त्र मांडले, त्यातल्या लघु-गुरू मात्रांच्या गटांची नावेही तंबूच्या सामानावरून आहेत. एकाला 'सबब' म्हणजे दोर म्हणतात, दुसऱ्याला 'वतद' म्हणजे खुंटी. कविता ही बांधण्याची, सांधण्याची वस्तू आहे, हे अरबी भाषेला पूर्वीपासून माहीत होते. सलवा यांनी ते शब्द पुन्हा लाकडात आणून बसवले.

विज्ञानाची विद्यार्थिनी इथेही दिसते. स्फटिकांची रचना, रेणू, पुढे डीएनए, या सगळ्याविषयी त्यांना कुतूहल होते. एक छोटे एकक, त्याचा जोडणीचा नियम, आणि त्यातून कितीही वाढू शकणारी रचना. निसर्ग असेच काम करतो आणि मशरबीया करणारा कारागीरही. 'अनंत रचना' नावाचे त्यांचे दगडी शिल्प याच विचाराचे आहे. एकावर एक ठेवलेले ठोकळे कुठे थांबावेत, याला आतून काही कारण नाही. आणखी रचत गेले तरी नियम मोडत नाही. तौहीदवर विश्वास ठेवणाऱ्या माणसाला यात एकातून अनेक आणि अनेकातून एक असा अर्थ लागू शकतो. न मानणाऱ्याला ते गणित म्हणून पुरेसे आहे.

तुटलेली काच

हे काम पाहायला गर्दी झाली का? नाही. कित्येक वर्षे त्यांची शिल्पे फारशी विकली गेली नाहीत. चौकातली कारंजी, सार्वजनिक बाक, राहण्याच्या इमारती अशा किती तरी गोष्टींच्या प्रतिकृती त्यांनी करून ठेवल्या. कला रस्त्यावर आणि घरात असावी, हा कैरोचा धडा त्या विसरल्या नव्हत्या. त्यांतल्या बहुतेक कल्पना प्रतिकृतीच राहिल्या. युरोपीय समीक्षकाला वाटे, हे आमच्या आधुनिक कलेचे अनुकरण. घरच्यांना वाटे, हे काही कळत नाही. दोन्हीकडचे दार अर्धे बंद.

1975 मध्ये लेबनॉनमध्ये यादवी युद्ध पेटले आणि 1990 पर्यंत चालले. कितीतरी जण देश सोडून गेले. सलवा बैरुतमध्येच राहिल्या आणि काम करत राहिल्या. त्यांचे एक जुने चित्र आहे. 'दोन म्हणजे एक', असे त्याचे नाव. घराजवळ बॉम्ब फुटला तेव्हा त्या चित्राला भोके पडली आणि काचेचे तुकडे कॅनव्हासमध्ये रुतून बसले. एकत्वाचे नाव असलेल्या त्या चित्रात एका देशाच्या फुटण्याच्या खुणा तशाच राहिल्या. 2013 मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये त्यांचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा हे चित्र त्याच अवस्थेत मांडले होते.

त्या प्रदर्शनाने जगाने त्यांची दखल घेतली. वर्तमानपत्रांत 'शोध लागला' अशा भाषेत लेख आले, जणू त्या हरवल्या होत्या. उद्घाटनाच्या वेळी त्या 96 वर्षांच्या होत्या आणि स्मृती ओसरली होती. आपल्या नावाचा एवढा बोलबाला झाला आहे, हे त्यांना उमजण्याची शक्यता राहिली नव्हती. 26 जानेवारी 2017 रोजी, वयाच्या शंभराव्या वर्षी, बैरुतमध्ये त्यांचा इंतकाल झाला.

उशिरा मिळालेल्या मानाच्या अशा कहाण्या ऐकून आपण हळहळतो. पण मला वेगळाच प्रश्न छळतो. आपल्या मोहल्ल्यातली एखादी मुलगी आज कागदावर त्रिकोण-चौकोन जोडत बसली असेल तर तिला आपण काय सांगतो? शाळा तिला म्हणते, नक्षी काढ, चित्र तुझे नाही. घर म्हणते, हे कशाला, मेंदी काढायला शीक. नक्षी हा विचार आहे, त्यात गणित आहे, कविता आहे, असे सांगणारे कोणीच नसते. आपल्या मशिदींच्या जुन्या लाकडी दारांकडेही आपण कुठे पाहतो? दुरुस्ती निघाली की ती दारे उतरतात आणि काच-ॲल्युमिनियमची येतात. उतरवलेले दार कुठे गेले, हे कोणी विचारत नाही.

सरांनी सांगितल्याप्रमाणे मी त्या दिवशी नक्षी काढली होती. कंपासने वर्तुळे काढली, त्यांत पाकळ्या काढल्या. वही उरली नाही, पण एक गोष्ट लख्ख आठवते. पाकळ्या पानाच्या कडेपर्यंत पोहोचल्या आणि तिथे कापल्या गेल्या, तेव्हा वाटले होते की हे पुढेही चालूच आहे, फक्त कागद संपला आहे. शेजारच्या मुलाचा गणपती पानावर पूर्ण झाला होता. माझे चित्र पूर्ण झाले नव्हते, आणि ते कमी आहे असे मला तेव्हा वाटले. आता सर भेटले तर त्यांना सलवाबाईंच्या शिल्पांचा फोटो दाखवीन. अब्बांनाही दाखवायला हवा.